जुन्या पानांचं पाणी

७ जानेवारी १९६८, रविवार
मरोळ

आज आम्ही आमच्या घरी आलो. 'आमच्या' हा शब्द लिहून पुन्हा वाचला. खोली भाड्याची आहे, तेव्हा तो खरा नाही. पण आजच्या दिवस राहू दे.

लालबागहून टेम्पोत सामान ते किती आलं: एक ट्रंक, दोन वळकट्या, स्टोव्ह, आणि आईच्या खानावळीतलं मोठं पितळी पातेलं. बाबा छातीच्या दुखण्यानं गेल्यापासून आईनं त्याच पातेल्यात गिरणीतल्या माणसांची आमटी शिजवली आणि त्याच्यावर मला शिकवलं. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. दोघींच्या संसारात एवढं पातेलं कशाला, असं विचारलं तर आई म्हणाली, पाणी भरूक होयत.

खोली सिसिलियाबायच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. वर कौलं, खाली सारवलेली जमीन, पूर्वेला रुंद खिडकी. खिडकीबाहेर विहीर, मग भाताची शेतं, आणि त्यांच्यापलीकडे नव्या कारखान्यांचे पत्रे चमकतात. सिसिलियाबाय इथल्या गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. नवरा वारला, शेत स्वतःच बघते. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, मास्तरीण ती हीच का, हिला तर पोरं फुंकर मारून उडवतील. मी हसले. आई हसली नाही.

आणि आज मी आयुष्यात पहिल्यांदा गरज नसलेली वस्तू विकत घेतली. सिसिलियाबायचा भाऊ मार्कस बोटीवर होता, आता पाय अधू झाल्यानं घरीच असतो. आफ्रिकेच्या टोकाकडून आणलेली झाडं तो वाढवतो आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की ओट्यावर मांडून बसतो. एकही झाड मुठीपेक्षा मोठं नाही. पानं जाड, गुबगुबीत, लहान मुलाच्या बोटांसारखी. मी चार घेतली. घेतल्यावर लगेच वाटलं, आईला विचारायला हवं होतं. पण तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि खिडकीतली जागा स्वतःच पुसून दिली.

१० जानेवारी

शाळा बरी आहे. मला तिसरीचा वर्ग दिला. मुलं मला 'बाई' म्हणतात तेव्हा मागे वळून बघावंसं वाटतं की दुसरं कुणी आलं काय. हेडमास्तरांनी सांगितलं की कायम व्हायचं तर मार्चच्या आत डॉक्टरी तपासणीत पास व्हायला हवं. ट्रेनिंग कॉलेजात असताना माझ्या छातीच्या फोटोत सावली निघाली होती. औषध घेतलं, ती पुसट झाली, गेली नाही. हे हेडमास्तरांना मी आपणहून सांगितलं. आई म्हणाली, विचारल्याशिवाय कशाला बोललीस. पण न सांगणं म्हणजे लबाडीच की.

ज्या वस्तूचं नाव ठाऊक नाही ती घरात असली की मला चैन पडत नाही. म्हणून संध्याकाळी झाडं घेऊन बसले. एक कोरफडीच्या कुळातलं आहे, पण पानांवर पांढरे दाणे, नखाला लागतात. एक पानफुटीची लहान जात. पान गळून पडलं की कडेला पिल्लं फुटतात, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. तिसरं गुलाबासारखं, पानांवर राखाडी पूड. मी अंगठा लावला आणि पूड निघाली. मार्कसनं बजावलं होतं की हात लावू नको, तो डाग भरून येत नाही. अजून तो डाग डोळ्यांसमोर आहे.

चौथी म्हणजे नुसती मातीची बशी आणि तीत खडे. मला वाटलं त्यानं चुकून दिली. तो हसून म्हणाला होता की यातला एक खडा झाड आहे, शोध बाय. आज पेन्सिलच्या बोथट टोकानं एकेक खडा दाबत गेले. एक दबला. तपकिरी, वर बारीक रेषा, अगदी विहिरीजवळच्या गोट्यासारखा. खरं म्हणजे ती दोन पानं आहेत, एकमेकांना चिकटलेली, मधे एक फट. खोड नाही, फांदी नाही. नाव मार्कसलाही ठाऊक नाही. तो त्याला खडाच म्हणतो.

काळजी कशी घ्यायची तेही विचारून आले. भरड वाळू, विटेचा चुरा, थोडा कोळसा. सकाळचं ऊन. पाणी माती पार सुकल्यावर, तेही थोडं. तुळशीसारखी रोज माया लावशील तर सडतील, असं म्हणाला. खड्याचं तर निराळंच. फट रुंदावली की आतून नवी जोडी येते. तेव्हा थेंबभरही पाणी घालायचं नाही. नवी जोडी जुन्या पानांच्या अंगातलं पाणी पिऊन वाढते, आणि जुनी पानं कागदासारखी होऊन गळतात. मी म्हटलं, म्हणजे निर्जळी एकादशी. तो म्हणाला, उपासच गं, पण करतो एक नि पुण्य दुसऱ्याला.

१४ जानेवारी, संक्रांत

रविवार असला तरी शाळेत मुलांना बोलावून तिळगूळ वाटला. घरी आले तर आईनं केळीच्या पानावर नारळ ठेवला होता. नव्या जागेत गेलं की जागेवाल्याला गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्या कोकणातली रीत. ज्याची जागा त्याला सांगायचं, आम्ही आलोय, सांभाळून घे. आमच्या गावी देव म्हणजे पाषाणच, मूर्ती नाही. आईनं त्या बशीतले खडे बघितले आणि तिला वाटलं, मी नव्या घरासाठी पाषाण आणून ठेवलेत. बशी भिंतीशी पाटावर मांडली होती, हळदकुंकू वाहिलं होतं.

मी हातपाय धूत होते. तिनं हात जोडून सुरुवात केली तेव्हा तिला थांबवणं बरं दिसेना. तिचे शब्द जसे होते तसे लिहिते. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या धन्या, आज आम्ही दोघां बायलमाणसां तुझ्या आसऱ्याक इलंव. माझ्या चेडवाच्या अंगात जीव कमी हा. तो माझ्यातलो काढ आणि तिका घाल. ती उभी रवांदेत, मी आडवी झालंय तरी चलात."

गाऱ्हाणं एकट्यानं होत नाही. दुसऱ्या कुणीतरी होकार भरावा लागतो. गावात देवळापुढे सगळे मिळून भरतात. इथे मीच होते. टॉवेलनं तोंड पुसता पुसता मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

१५ जानेवारी

काल जे झालं ते मनाला लागून राहिलं. आईची समजूत चुकीची आहे हे माहीत असून मी गप्प बसले, ते बरोबर नव्हतं. म्हणून आज सांगितलं की ते पाषाण नाहीत, त्यातला एक खडा झाड आहे, जिवंत आहे. तिला बोट लावायला दिलं. मला वाटलं खट्टू होईल. पण तिनं खडा पुन्हा दाबून बघितला. मग म्हणाली, "दगडात जीव हा म्हणतंस? मगे बराच झाला. आयकल्यान आसतला."

२१ जानेवारी, रविवार

फट रुंदावली आहे. काल नुसती रेघ होती, आज आत काही हिरवट दिसतं. मार्कसला दाखवलं. तो म्हणाला, झालं सुरू, आता पाण्याची बाटली दूर ठेव. हळदकुंकवाचा डाग बघून त्यानं बशी पुन्हा खिडकीत ठेवली.

मला इथली हवा मानवली. शाळेपर्यंतचा चढ मी न थांबता चढते. वर्गात दिवसभर बोलूनही खोकला येत नाही. सिसिलियाबाय म्हणाली, काय गं, कुठल्या चक्कीचं पीठ खातेस. आईला हे ऐकवलं तेव्हा ती एवढी खूश झाली की विहिरीवर जाऊन सगळ्या बायकांना सांगून आली.

आईला मात्र इथलं ऊन सोसत नाही असं दिसतं. सारखी पाणी पिते. जेवताना मधेच उठून पातेल्यातला तांब्या भरते.

२८ जानेवारी

पोलक्याची शिवण उसवावी लागली. ट्रंकेतल्या आरशात बघितलं तर गाल भरलेत. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी शाळेत पाण्याची बाटली नेते ती तशीच भरलेली परत आणते. केव्हापासून, ते आठवत नाही. तहान लागते म्हणजे कसं वाटतं तेही आठवायला लागतं.

आईच्या हातातून बांगड्या घसरतात. तिनं त्यांना दोरा गुंडाळला. आज तिला अंधेरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती येतच नव्हती, माका कसली धाड भरलीहा म्हणून. त्यांनी लघवी तपासली. साखर नाही. ताप नाही. म्हणाले, वय झालं, पाणी भरपूर प्यायला द्या. मी म्हटलं, ती पातेलंभर पिते. त्यांना वाटलं मी बोलण्यासाठी बोलते आहे.

येताना ती रस्त्यात दोनदा बसली. मी तिला हात धरून उठवलं. हात उन्हातून आणलेल्या कपड्यासारखा लागला. गरम आणि हलका.

४ फेब्रुवारी, रविवार

हे लिहू की नको, असा सकाळपासून विचार करते आहे. निदान वहीत तरी खरं लिहावं.

नवी जोडी आता बाहेर आली आहे. गोल, ताठ, ओल्या गोट्यासारखी. जुनी पानं तिच्या दोन्ही बाजूंना मिटली आहेत. त्यांच्यावर सुरकुत्या पडल्यात. आडव्या, मग मधे तिरप्या, मग पुन्हा आडव्या. आज आईच्या केसांना तेल लावताना तिची मान बघितली. तिथेही तशाच. आधी आडव्या, मग तिरप्या, मग आडव्या.

सुरकुत्या सगळ्यांच्या मानेवर असतात. मी वर्गात मुलांना सांगते की दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. तेच स्वतःला सांगितलं.

मग विहिरीवर गेले. सिसिलियाबाय तिथेच होती. माझ्या आईकडे खिडकीतून बघून ती म्हणाली, ही तं सुकटीवानी झाली गं. तिनं चेष्टेनंच म्हटलं. पण नंतर हळूच क्रूस केला.

९ फेब्रुवारी

मी खड्याला पाणी घातलं. मार्कसनं नको म्हटलं होतं तरी घातलं. आई शेजारी गेली होती तेव्हा, चमच्याने, कडेनं. परवाही घातलं होतं, कालही.

मार्कसला आडून विचारलं होतं की चुकून पाणी पडलं तर काय होतं. तो म्हणाला, मग जुनी पानं सुकत नाहीत. ती फुगून बसतात, आणि नवी उपाशी राहते. एका मुळावर दोघी जगत नाहीत, बाय. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं, तो झाडाचंच बोलत होता.

आज आईच्या कपाळावर घाम आला. किती दिवसांनी घाम बघितला. तिनं स्वतः भाकऱ्या थापल्या आणि मला ओरडली की पीठ सांडलंस म्हणून. मी इतकी आनंदले की रडू आलं.

मला संध्याकाळपासून खोकला आहे. रुमालावर लाल ठिपका. कदाचित दाढेतून आला असेल.

११ फेब्रुवारी, रविवार

शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते आणि खोकल्याची उबळ आली. आई स्टोव्हपाशी होती. तिनं माझा रुमाल उचलला, बघितला, आणि खिडकीकडे गेली. बशीतली माती तिनं बोटानं दाबली. माती ओली होती.

तिला वाचता येत नाही. पण तिनं ते वाचलं. मी खोटं बोलू शकले नाही.

थोड्या वेळानं बशी खिडकीत नव्हती. शोधून शोधून थकले. सिसिलियाबायनं वर बोट दाखवलं. आई शिडी लावून कौलांवर चढली होती, एवढ्या अशक्तपणात, आणि तिनं बशी तापलेल्या कौलांवर ठेवली होती, माती सुकावी म्हणून. खाली उतरल्यावर मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात प्रथमच. ती शांतपणे म्हणाली, देवाच्या पुढ्यात एकदा दिलला परत घेवचा नसता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. माझ्या आधीपासून.

मी म्हटलं, मी हे मागितलं नव्हतं. त्यावर ती म्हणाली, तू व्हय म्हटलंस ना गो.

१९ फेब्रुवारी

खोकला गेला. छातीत हवा अशी भरते की वर्गात कविता म्हणताना मीच माझा आवाज ऐकत राहते.

बशी परत खिडकीत आहे, पण आई तिच्या शेजारून हलत नाही. तिथेच बसते, तिथेच झोपते. मी शाळेत जाते तेव्हा सिसिलियाबायला सांगून जाते की जरा बघ. आई तिलाही बशीजवळ येऊ देत नाही.

आणि आजपासून ती पाणी पीत नाही. निर्जळी धरली आहे म्हणते. मी विचारलं कुठल्या देवाची. ती हसली. ओठ फाटला, रक्त आलं नाही.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरी तपासणीत पास झाले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझा जुना फोटो आणि नवा फोटो उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. जुन्यात सावली. नव्यात काही नाही. ते म्हणाले, एवढी स्वच्छ छाती या शहरात क्वचित बघायला मिळते. मला आनंद झाला. त्या खोलीत काही क्षण मला आई आठवली नाही. हे लिहायलाच हवं.

पेढे घेऊन घरी आले. आईला हेच बघायचं होतं, अठराविश्वं दारिद्र्यात तिनं हेच धरून ठेवलं होतं. मी कायम झाले हे ऐकून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. हात पिंपळाच्या जाळीदार पानासारखा. पेढ्याचा कण तिच्या जिभेवर ठेवला. तो विरघळला नाही. नंतर मीच बोटानं काढून घेतला.

झालं ना तुझं मनासारखं, आता पाणी घे, असं म्हटलं. तिनं मान हलवली. अजून पुरं झालं नाही म्हणाली. तुझं लग्न, तुझी मुलं, एवढ्याला पुरायला हवं.

३ मार्च, रविवार

गाऱ्हाणं मोडता येतं. गावी मोडतात. उलट गाऱ्हाणं घालायचं, आणि कुणीतरी होकार भरायचा.

मी बशीसमोर बसून घातलं. जे घेतलंस ते परत कर, म्हटलं. आई समोरच होती. तिनं तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे वळली.

सिसिलियाबायकडे गेले. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हसली नाही, वेडीही म्हणाली नाही. पण येणार नाही म्हणाली. तिची आई असती तर तिनंही हेच केलं असतं, आणि आईनं दिलेल्यात परक्यानं मधे पडू नये. वर म्हणाली, तू आता सुखानं राहा, तिचं वाया घालवू नको. जाताना पेज दिली. आईसाठी नाही, माझ्यासाठी.

मार्कसलाही विचारलं, जुनी पानं वाचवायची तर काय करावं. तो म्हणाला, आता पाणी घालूनही जुनी ते घेणार नाहीत. वेळ गेली. ती वाचवून करायचंय काय तुला, दोन दिवसांत गळतील, मग नवं झाड किती सुरेख दिसेल बघ.

७ मार्च

रजा टाकली.

पातेलं भरून तिच्या उशाशी ठेवलंय. कापूस भिजवून ओठांवर पिळते. पाणी ओघळून जातं. कातडी ते घेतच नाही.

ती बोलते तेव्हा कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. शब्द कळत नाहीत. 'चेडवा' एवढं कळतं.

तिला उचलून उन्हातून सावलीत नेलं. एका हातानं उचलली. माझ्या हातात एवढी ताकद आहे याची किळस आली.

९ मार्च

डॉक्टर आले होते. नाडी शोधत राहिले. निघताना मला म्हणाले, तुम्ही स्वतःला जपताय हे चांगलं आहे —

मी जेवलेले नाही. परवापासून नाही. तरी पोलकं घट्ट होतं.

मी उपास केला म्हणून काही होत नाही. मी तिचंच जेवते आहे.

११ मार्च, सोमवार

खड्याची जुनी पानं पातळ झालीत. उजेड आरपार दिसतो. एका बाजूनं सुटली आहेत.

आईचा कान उन्हात धरला तर —

नाही. लिहिणार नाही.

बशी फेकून द्यावी असं वाटलं. विहिरीत. पण मूळ एक आहे. मूळ मेलं तर ती आधी जाईल.

मग सुचलं. नवी जोडी जुनीचं पाणी पिते. नवी नसली तर कोण पिणार? नवी कापून काढली, मूळ आणि जुनं तसंच ठेवलं, तर जुन्याला सुकायचं कारण उरत नाही. झाडाचा साधा नियम आहे. इतके दिवस मी पाणी घालायचं की नाही एवढंच बघत बसले. कापायचं मनात आलं नाही. आलं असेल. मीच येऊ दिलं नसेल.

नवी जोडी म्हणजे कोण, ते मला ठाऊक आहे.

१२ मार्च, दुपार

आई झोपली आहे. श्वास आहे. आरसा धरून बघितलं, आरसा धुरकटत नाही, पण छाती हलते.

बशी मांडीवर घेतली आहे. तिच्या हातातून सोडवली. बोटं मोडतील म्हणून एकेक करून उघडली.

लिहीत लिहीत करते. मी बरोबर केलं की चुकले ते मागाहून कुणाला तरी कळावं. सिसिलियाबाय वाचत नाही, पण वाचून घेईल कुणाकडून. शाळेची किल्ली ट्रंकेत आहे. तिसरीच्या वह्या तपासून खिडकीत ठेवल्यात. दोन राहिल्या.

डाव्या हातात पेन्सिलीचं ब्लेड.

भीती वाटते. ती बरी व्हावी असं वाटतं आणि मला हे सोडवतही नाही. दोन्ही खरं आहे.

ब्लेड फटीत घातलं. रस आला. पाण्यासारखा, गार. पुष्कळ आहे. बशीत साचतोय. तो जुन्या पानांना लागला आणि —

मला काही झालं नाही. थोडा खोकला.

आईचे ओठ ओले दिसतात. ओलेच आहेत. मी कापूस लावलेला नाही.

नव्या जोडीचं एक पान सुटलं. माझा श्वास अर्ध्यावर थांबतो. ठीक आहे. बाबांचाही असाच थांबत असे. अक्षर वाकडं येतंय, माफ करा.

तिच्या गालावर रंग. मानेवरच्या रेषा भरून येताहेत, आधी आडव्या —

डोळे उघडले तिनं. माझ्याकडे नाही, बशीकडे बघते आहे. पडून राहा म्हटलं. आवाज फुटला की नाही कळलं नाही. ती उठते आहे. स्वतःची स्वतः उठते —

दुसरं पान. अर्धं झालं.

तिनं माझं मनगट धरलं. किती ताकद. ब्लेड ओढून घेते आहे. रडते आहे, पाणी आहे डोळ्यांत, खरं पाणी. आई सोड. सोड गो, थोडाच कापूचा रवला, एवढा —